आशाताई घरी येते तेव्हा : तान्ह्या बाळांच्या घरभेटींबद्दल

मी काही वक्ता नाही. आयुष्यभर नर्स म्हणून काम केलं आणि शेवटची काही वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आशाताईंच्या प्रशिक्षणात गेली. त्यामुळे बोलता बोलता मी मध्येच शिकवायला लागले, तर सांभाळून घ्या.

आजचा विषय घरभेट. घरात तान्हं बाळ असताना आरोग्याचं काम करणारी बाई त्या घरी जाते, बाळ बघते, आईशी बोलते, पुन्हा येते. ऐकायला किती साधं वाटतं! पण हे साधं काम माझ्या हातून एकदा कसं चुकलं, तिथूनच सुरुवात करते.

पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहत आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. तिथे चढावरच्या एका खोलीत मी एका नव्या आशाताईबरोबर गेले होते. बाळ सात दिवसांचं, मुलगी. दवाखान्यातली प्रसूती, वजन थोडं कमी. आशाताईची ही पहिलीच वेळ, म्हणून मी तिचं काम बघायला गेलेले. खोलीत बाळंतीण, तिच्या सासूबाई आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

आशाताईनं फॉर्म काढला आणि एकेक प्रश्न विचारायला लागली. "बाळ अंगावर पितं का?" सासूबाई म्हणाल्या, "पितं की! चांगलं पितं." खूण. "अंग गरम लागतं का?" "छे, अजिबात नाही." ताप नाही, खूण. "नाळेतून पू वगैरे?" "नाही." खूण. पिशवीत थर्मामीटर होता, पण बाळ झोपलेलं. सासूबाई म्हणाल्या, आत्ताच निजलंय, उठवू नका. आशाताईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे राहू दे. मी माझ्या वहीत तिला मार्क देत होते. प्रश्न क्रमानं विचारले, आवाज नम्र, फॉर्म पूर्ण. दहापैकी आठ.

चहा झाला. आम्ही बाहेर येऊन चप्पल घालत होतो, तेव्हा ती बाळंतीण दारापर्यंत आली. एवढा वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. सासूबाई आत कप विसळत होत्या. ती अगदी हळू म्हणाली, "ताई, कालपासून ओढतच नाहीये ती. नुसती झोपते."

आम्ही परत आत गेलो. मी बाळाच्या तळपायाला हात लावला, तर थंडगार. मग पोटाला लावला. पोटही थंड. आमच्या फॉर्मवर "ताप नाही" लिहिलं होतं, आणि ते अगदी खरं होतं! तान्ह्या बाळाला जंतुसंसर्ग झाला, तर ताप येईलच असं नसतं. उलट अंग गार पडतं, रडणं क्षीण होतं, पिणं सुटतं, बाळ मलूल पडतं. हे मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं असेल. आणि त्या दिवशी मी झोपलेलं बाळ आणि मलूल बाळ यातला फरक न तपासता खोलीबाहेर पडले होते.

बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवलं, वरून साडी आणि चादर, डोक्यावर टोपरं, आणि तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. जंतुसंसर्गच निघाला. बाळाला बरेच दिवस ठेवावं लागलं, पण ते बरं होऊन घरी आलं. आज शाळेत जातं.

ती आई दारापर्यंत आलीच नसती तर? हा प्रश्न मला अजूनही पडतो. आणि आज मला जे सांगायचंय, ते याच प्रश्नाभोवती आहे. घरभेटीत कोण घरी गेलं याला महत्त्व आहेच, पण आईला बोलायला जागा मिळाली का, याला त्याहून जास्त आहे.

आता थोडी माहिती देते, म्हणजे ज्यांना हे नवीन आहे त्यांना कळेल.

आपल्याकडे सरकारची नवजात बाळांच्या घरभेटींची योजना २०११ पासून आहे. दवाखान्यात प्रसूती झाली, तर आशाताईनं सहा वेळा घरी जायचं असतं : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी प्रसूती झाली तर पहिल्या दिवशीची एक भेट जास्त. सिझेरियन असेल आणि आई दवाखान्यातच असेल, तर भेटी सातव्या दिवसापासून. बाळाचं वजन, तापमान, श्वास, दूध ओढणं, नाळ, आणि आईचा रक्तस्राव, ताप, स्तनांचा त्रास, हे सगळं बघायचं. २०१८ पासून त्यापुढच्या भेटीही आल्या. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. त्यात वरचा आहार, लसी, स्वच्छता आणि बाळाशी खेळणं-बोलणं.

आता बेचाळीस दिवस हा आकडा बघा. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना असतो, त्याच्या हा जवळपास जातो. गंमत म्हणजे, घरी येऊन बाळ बघणारी बाई आपल्याला नवीन नाहीच. सुईण होती. अजूनही पुण्यात मालिशवाल्या मावशी आहेत, फ्लॅटमध्ये जातात आणि वस्तीतही जातात. त्या रोज येतात, बाळ हातात घेतात, उघडं करून बघतात. बाळाचं अंग आज कालच्यापेक्षा सैल आहे, हे त्यांच्या हाताला कळतं. त्यांच्या काही गोष्टी आम्हाला पटत नाहीत. नाळेला काहीबाही लावणं, बाळाच्या नाकाकानात तेल घालणं, कमी वजनाच्या बाळाला पहिल्या दिवसापासून रोज आंघोळ, मध, गुटी, हे नकोच. पण रोज येणं, हात लावून बघणं आणि आंघोळ घालता घालता बाळंतिणीशी गप्पा मारणं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. मालिश करताना बाळंतीण जे बोलते, ते फॉर्म भरताना बोलत नाही.

आणि हे शास्त्रानंही सिद्ध झालंय, तेही आपल्या महाराष्ट्रात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. त्या घरोघरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, ऊब द्यायला शिकवायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायच्या आणि आईवडील दवाखान्यात जायला तयार नसतील, तर घरीच अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. त्या काळी अनेक डॉक्टरांना हे धाडस वाटलं. पण तिसऱ्या वर्षी त्या गावांत हजारी साधारण २५ नवजात बाळं दगावत होती आणि तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत हाच आकडा ६० च्या आसपास होता. मृत्युदरात ६२ टक्के घट. १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. आज देशभर आशाताई ज्या भेटी करतात, त्यांचं मूळ या कामात आहे.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. मुलांचा न्यूमोनिया ओळखायला एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. पण ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांनी काय करायचं? तर मण्यांचं एक साधं यंत्र केलं, सोबत वाळूचं घड्याळ. इतके श्वास झाले की एक मणी सरकवायचा. म्हणजे 'तुला मोजता येत नाही' असं म्हणून त्या बाईला बाहेर काढलं नाही, तर तिला मोजता येईल असं साधन केलं.

आपल्या पुण्याजवळही याची मुळं आहेत. केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, गावातल्याच माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलं. १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. तिकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना हेच काम शिकवलं. या सगळ्यांचा विश्वास एकच होता : दवाखाना कितीही मोठा बांधा, घरात शिरणारी बाई ओळखीची हवी.

आता बाळ जगलं, पुढे काय? त्याबद्दल थोडं सांगते, कारण पुढच्या भेटींमध्ये सगळ्यात जास्त चेष्टा 'खेळा' या शब्दाची होते. आशाताई म्हणतात, "मॅडम, इथे खायचे वांदे, आणि आम्ही खेळायला सांगायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मी त्यांना जमैकाची गोष्ट सांगते. तिथे किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांमधली १२९ खुरटलेली बाळं घेतली, नऊ ते चोवीस महिन्यांची. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक तास आरोग्यसेविका जायची आणि आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, ते घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना दोन्ही नाही. वीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं. ज्यांच्या घरी खेळाच्या भेटी झाल्या होत्या, त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहारानं तेवढा टिकाऊ फायदा दिसला नाही. आहार लागतोच, पण वाटी-चमचा वाजवून बाळाशी बोलणं हा श्रीमंतांचा चोचला नाही, एवढं त्यातून कळतं.

बरं, आता पुण्याकडे येऊ. गडचिरोलीत जे जमलं ते पुण्यात तसंच्या तसं जमत नाही आणि त्याचं एक कारण कुठल्याही फॉर्मवर नाही. ते कारण म्हणजे माहेर.

पहिलं बाळंतपण माहेरी. वस्तीतली पोर सातव्या महिन्यात माहेरी जाते, बीडला, लातूरला, सोलापूरला. आशाताई तिच्या रजिस्टरमध्ये लिहिते, 'माहेरी गेली'. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की ती परत येते. म्हणजे तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या, सगळ्यात धोक्याच्या काळातल्या सहाच्या सहा भेटी इथे होतच नाहीत. मग माहेरच्या गावात होतात का? तिथल्या आशाताईच्या यादीत ही मुलगी नसते, लग्न होऊन गेलेली ना! कुणी कळवलं तर ती जाते. नाही कळवलं तर नाही. दोन्हीकडे रजिस्टर बरोबर, आणि बाळ कुणाच्याच यादीत नाही. आणि उलटही होतं. पुण्यात माहेर असलेल्या मुली बाहेरून इथे बाळंतपणाला येतात. त्यांचीही तीच गत.

माझ्या ओळखीच्या एका आशाताईनं यावर स्वतःच उपाय काढला. तिच्या वहीचं शेवटचं पान माहेरचं. गरोदर बाईचं नाव, माहेरचं गाव, आईचा नाहीतर भावाचा फोन. बाई निघाली की ही तिला सांगते, माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत वर ठेव, तळाशी नको. पोचलीस की तिथल्या आशाताईला दाखव आणि माझ्याशी फोनवर बोलणं करून दे. बाळ झाल्यावर तिसऱ्या दिवशी ही इथून फोन करते. फोन म्हणजे काही भेट नव्हे, त्याचा तिला पैसाही मिळत नाही. पण एकदा फोनवर बाळाचं रडणं ऐकून तिला शंका आली आणि तिनं तिथल्या आशाताईला लगेच जायला लावलं. मी तिला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाली, "माझं पहिलं बाळंतपण माहेरीच झालं होतं, मॅडम. कुणी नव्हतं आलं." पुढे मी काही विचारलं नाही.

पैशाचं निघालंच आहे तर सांगते. केंद्राच्या योजनेत या नवजात भेटींचा मोबदला एका बाळामागे २५० रुपये ठरवला गेला. सहा भेटींना भागून बघा, एका भेटीचे बेचाळीस रुपयेसुद्धा होत नाहीत. तेही भेटी पूर्ण आणि फॉर्म पूर्ण असेल तर. चढावर, पावसात, काटा आणि पिशवी घेऊन. २०२३ मध्ये राज्यातल्या आशाताई संपावर गेल्या, तेव्हा "यांना काय झालं" असं म्हणणारे माझ्याच नात्यात भेटले. फॉर्म पूर्ण झाला की पैसे, अशी रचना असेल, तर बाई फॉर्मकडेच बघणार ना? जनता वसाहतीत आम्ही जे चुकलो, ते काही अंशी इथूनही आलं. मी जबाबदारी झटकत नाहीये. मार्क मीच देत होते.

आणि हे फक्त वस्तीत घडतं असं समजू नका. माझ्या भाचीला कोथरूडला मुलगा झाला. मोठा फ्लॅट, मालिशवाल्या मावशी, डिंकाचे-अळिवाचे लाडू, सगळं होतं. बाळ बघायला रोज माणसं. मीही गेले. गेल्या गेल्या विचारलं, "वजन किती? दूध पुरतंय ना?" बाराव्या दिवशी बारशाची तयारी चालू होती आणि ही बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती. रात्रंदिवस झोप नाही, कशातच मन लागत नाही आणि 'मला हे बाळ नको झालंय' असं मनात येतं म्हणून स्वतःचीच लाज. बाळंतपणानंतर थोडं रडू येणं दोन आठवड्यांत ओसरतं. त्याहून जास्त टिकलं, किंवा आईला स्वतःला वा बाळाला इजा करावीशी वाटली, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. पण विचारायचं कुणी? सोसायटीच्या गेटवर आशाताईला वॉचमन आत सोडत नाही आणि नातेवाईक बाळाला बघून, झबलं देऊन जातात. मी नर्स असून आधी वजन विचारलं.

म्हणून आता मी प्रशिक्षणात काय बदललं ते सांगते आणि थांबते.

आशाताईंना मी सांगते, फॉर्म पिशवीतच राहू द्या. आधी हात धुवा, बाळाचे तळपाय आणि पोट हातानं बघा. झोपलेलं असलं तरी बघा. बाळ आईच्या अंगाला लावायला सांगा आणि डोळ्यांनी बघा, ओढतंय का. 'पितं का' हा विचारायचा प्रश्न नाही, बघायची गोष्ट आहे. थर्मामीटर लावा, एका मिनिटाचे श्वास मोजा. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजा, आणि तरी तेवढेच असतील तर बाळाला न्या. सासूबाईंना मान द्या, त्या घरच्या कर्त्या आहेत. त्यांना आपल्या बाजूला घेतलं नाही, तर तुमचा सल्ला दाराबाहेरच राहतो. पण त्यांना एखादं काम सांगा. "आजी, जरा कोमट पाणी आणता का हात धुवायला?" तेवढ्या दोन मिनिटांत आईला विचारा, "तुला काय वाटतं बाळाबद्दल? आणि तू कशी आहेस? झोप होते का?" मग गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड. निघताना पुन्हा एकदा दारात थांबा. चप्पल घालायला थोडा वेळ लावा.

आणि तुम्ही घरचे असाल तर? तुमच्या घरी बाळ झालं असेल, तर वस्तीतल्या आशाताईला किंवा जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात कळवा. मुलगी माहेरी येणार असेल तर आधीच कळवा. सोसायटीत आशाताई आली तर तिला आत घ्या, बसायला द्या. आणि हे पाठ करा : बाळ दूध ओढायचं थांबलं, रडणं क्षीण झालं, हातपाय सैल पडले, अंग गार किंवा गरम लागलं, श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जायला लागली, पोट फुगलं, नाळेतून पू आला, तर यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. बाळ छातीशी धरा आणि निघा.

आणि आईनं "काहीतरी बरोबर नाही" असं म्हटलं, तर तेही याच यादीत धरा.

जनता वसाहतीतल्या त्या मुलीच्या आईला मी नंतर विचारलं होतं, आत असताना का बोलली नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत त्यांना. मला कुठे विचारलंत?"

त्या दिवशीची ती वही माझ्याकडे अजून आहे. दहापैकी आठ लिहिलेलं पान मी फाडलेलं नाही. नवी बॅच आली की दाखवते.